तीनशे बासष्ट ग्रॅमची गार

माझ्या सासूबाई एकतीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होत्या. त्यामुळे आमच्या गल्लीत त्यांना सगळे पार्सलकाकू म्हणतात. कुठलीही वस्तू हातात घेतली की त्या तिचं वजन सांगतात. लग्न होऊन मी घरी आले तेव्हा माझी बॅग उचलून त्या म्हणाल्या होत्या, "साडेअकरा किलो. जेवलीस का?" पहिलं वाक्य हेच.

त्याला तीन महिने झाले होते. त्या तीन महिन्यांत आम्ही दोघी एकमेकींशी इतक्या नीट वागत होतो, की नवरा म्हणायचा, घरात दोन पाहुण्या राहायला आल्यात. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. एक मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाइकाला पायरी दोनदा दिसते, त्यामुळे मलाही चुकायची भीती फार. शेवटची पोळी घ्यायची वेळ आली की "तुम्ही घ्या" "नाही, तू घे" करता करता ती पोळी गार होऊन जायची.

गारपीट झाली त्या दिवशी आठवड्याची सुट्टी म्हणून मी घरी होते. दहा दिवस वारा असा नव्हताच. गावावर धुराची करडी दुलई पडली होती, समोरची पाण्याची टाकी दुपारीसुद्धा पुसट दिसायची आणि दोरीवरचे कपडे वाळताना मळायचे. सकाळपासून वीजही गेली होती. नवरा वीजखात्यात लाइनमन. त्याला फोन करून काही उपयोग नसतो, तो म्हणतो, "आई, मी खांबावर आहे," आणि फोन खिशात टाकतो.

साधारण तीन वाजता आभाळ हिरवट झालं. खरोखर हिरवट, पोहण्याच्या तलावाच्या तळासारखं. मग वारा आला तो गल्लीतल्या सगळ्या बादल्या घेऊनच आला. टपोरे थेंब पडले, थांबले, आणि पत्र्यावर कोणीतरी गोट्यांचं पोतं रिकामं करावं तसा आवाज सुरू झाला. पहिल्या गारा वाटाण्याएवढ्या. नंतरच्या लिंबाएवढ्या. समोरच्यांच्या खिडकीची काच गेली, आमच्या ओसरीच्या तुळईवरचं कबुतर घरात येऊन कपाटावर बसलं आणि बाहेर गेलंच नाही.

आम्ही दोघी दारात उभ्या होतो. अंगणात नळाच्या कामासाठी खणलेल्या मातीचा भुसभुशीत ढीग होता. त्या ढिगात एकदम 'धप्प' असं काहीतरी शिरलं. चिखल उडून दारापर्यंत आला.

"केवढी होती ती," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं घाबरल्या. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर मोठं पातेलं उलटं होतं आणि एका हाताने त्यांनी ते धरलं होतं.

"आई, अहो, थांबा."

"थांबले तर विरघळेल ना."

त्या अंगणात पळाल्या. पातेल्यावर गारा टणाटणा वाजत होत्या. ढिगात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी ती बाहेर काढली आणि पदराखाली धरून परत आल्या. पाण्याने चिखल धुतल्यावर आम्ही दोघींनी श्वास रोखला. माझ्या मुठीहून मोठी. सगळीकडून उंचवटे, बटाट्याला कोंब फुटावेत तसे. आत कुठे दुधट, कुठे काचेसारखी स्वच्छ.

सासूबाईंनी ती तळव्यावर घेतली, डोळे मिटले. "तीनशे बासष्ट," त्या म्हणाल्या.

मी माझ्या पिशवीतला कॅलिपर आणला. काचांची जाडी मोजायचा तो चिमटा माझ्याजवळ कायम असतो. रुंद बाजूने माप आलं अठ्ठ्याण्णव मिलिमीटर. मी कॅलिपरसकट फोटो काढला. मग सासूबाईंनी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणला, गार आत ठेवली आणि डबा फ्रिजरमध्ये घातला. फ्रिजरमधले मटार सकाळपासूनच मऊ पडले होते, पण नाही म्हणायला तिथे अजून जरा थंडावा होता.

गारा वीस मिनिटांत थांबल्या. सेलवर चालणारा रेडिओ लावला तर निवेदिका सांगत होती, की कोणाला मोठी गार सापडली असेल तर ती बंद डब्यात ठेवून हवामान केंद्राला कळवावं. 'नंबर खाली दिला आहे,' असं म्हणून तिने तो सांगितला. रेडिओत 'खाली' कुठे असतं कोण जाणे, पण सासूबाईंनी तो नंबर वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतला आणि लगेच फिरवला.

पलीकडून एका माणसाचा दमल्यासारखा आवाज आला. "निरीक्षक बोलतोय. केवढी आहे? सुपारीएवढी? लिंबाएवढी?"

"तीनशे बासष्ट ग्रॅम," सासूबाई म्हणाल्या.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बाई, नऊ वर्षं मी या केंद्रात आहे. आजपर्यंत मला कोणी एक गारसुद्धा आणून दिलेली नाही. मी आत्ता आलो असतो, पण मी एकटा आहे आणि दर तासाला नोंद पाठवावी लागते. तुमच्याकडे वीज आहे?"

"नाही."

"माझ्याकडे जनरेटर आहे. काहीही करून आणा. आणि येईपर्यंत थंड ठेवा."

केंद्र गावाबाहेर टेकडीवर, सहा किलोमीटर. माझी स्कूटर होती. पण सासूबाई स्कूटरवर बसत नाहीत, हे मला लग्नाच्या आधीच सांगितलेलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी स्कूटरकडे पाहिलं.

"आधी कोपऱ्यावर बर्फ मिळतो का बघू," त्या म्हणाल्या.

डबा त्यांनी घेतला, मी स्कूटर हाताने ढकलत नेली. कोपऱ्यावर आइस्क्रीमचं दुकान आहे. तिथे जत्राच भरली होती. वीज नाही म्हणून दुकानदाराचा माल पातळ व्हायला लागला होता आणि तो हात वर करून सगळ्यांना फुकट वाटत सुटला होता. रस्त्यावर घोटाभर गारांचा थर, आणि त्यात उभे राहून डॉक्टर, शिलाईवाल्या, पोलीस, शाळेचे मुख्याध्यापक, सगळे आइस्क्रीम खात होते. दहा दिवसांत पहिल्यांदा हवा स्वच्छ झाली होती. लांबचे डोंगर इतके जवळ दिसत होते की कोणीतरी ते आत्ताच आणून ठेवले असावेत. उगाचच लोक हसत होते.

"बर्फ नाही काकू," दुकानदार म्हणाला. "पिस्ता घ्या. पिस्ता वाचवा माझा."

डबा काउंटरवर ठेवून सासूबाई पिस्ता घ्यायला वळल्या. तेवढ्यात मी डब्याचं झाकण उघडून पाहिलं. तळाशी पाणी साचलं होतं आणि गार त्यात बसली होती. पाण्यात बर्फ लवकर विरघळतो एवढं मला ठाऊक होतं. मी ते पाणी अलगद काउंटरवरच्या एका रिकाम्या ग्लासात ओतलं आणि झाकण लावलं. आपण फार हुशारी केली असं मला वाटलं.

सासूबाई आल्या, पिस्ता माझ्या हातात दिला आणि डबा उचलला. उचलल्या उचलल्या त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हलका लागतोय."

"विरघळली असेल थोडी," मी म्हणाले.

"अगं, विरघळली तरी पाणी डब्यातच राहणार ना. झाकण घट्ट आहे. तीस-पस्तीस ग्रॅम कमी आहेत." त्यांनी डबा कानाशी हलवून पाहिला. "पार्सलचं वजन वाटेत कमी झालं म्हणजे कोणीतरी उघडलं. एकतीस वर्षांत याला अपवाद पाहिला नाही."

पाण्यालाही वजन असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच सांगून टाकायला हवं होतं. पण तीन महिन्यांत माझ्या हातून एक कपसुद्धा फुटला नव्हता, आणि आता एकदम हे. मी तोंडात पिस्ता भरला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

सासूबाईंनी दुकानातली वर्तमानपत्रं घेतली, डब्याला सहा थर गुंडाळले, वरून पोतं, त्यावर सुतळी. अशी गाठ मारली की बघणाऱ्यांनी आइस्क्रीम खायचं थांबवलं. मग त्या सरळ माझ्या स्कूटरकडे गेल्या आणि मागे बसल्या. डबा मांडीवर.

"चल," त्या म्हणाल्या. "हळू नको चालवू. घसरलीस तर बघून घेऊ."

गारांवरून स्कूटर चालवणं म्हणजे साबणावर नाचणं. मागचं चाक स्वतःच्या मर्जीने जात होतं. दर वळणावर सासूबाई माझी कंबर आवळायच्या आणि मला वाटायचं, आता ओरडतील. पण मागून येत होतं ते हसू. आधी दबलेलं, मग मोकळं. मीही हसायला लागले आणि हसताना ब्रेक नीट लागत नाही, हे त्या दिवशी कळलं.

अर्ध्या वाटेवर मोठं झाड आडवं पडलं होतं. चार माणसं करवत घेऊन उभी होती.

"परत जा," एक जण म्हणाला. "तासभर लागेल. डब्यात काय आहे?"

"गार," सासूबाई म्हणाल्या.

"गार काय?"

"नुसती गार."

"म्हणजे सरबत का?"

"अहो, गार म्हणजे गार. आभाळातून पडलेली. हवामान केंद्रात न्यायचीय, ती विरघळत चाललीय आणि तुम्ही सरबत काय घेऊन बसलाय?"

चौघांनी करवत खाली ठेवली. स्कूटर उचलून पलीकडे ठेवायची ठरली. मी उतरले. सासूबाई उतरल्या नाहीत.

"मी उतरले तर डबा हलेल. स्कूटर एकशे सात किलो, मी अठ्ठावन्न, डबा धरा पाऊण किलो. चौघांत प्रत्येकी एकेचाळीस किलो चारशे येतात. जड नाही."

आणि त्यांनी खरंच उचलली. माझ्या सासूबाई झाडाच्या खोडावरून, पानांमधून, डबा छातीशी धरून, ताठ बसून पलीकडे गेल्या. मी मागून फांद्यांमध्ये अडकत, चप्पल शोधत गेले.

हवामान केंद्र म्हणजे दोन खोल्यांची बैठी इमारत. आवारात पांढरी जाळीदार पेटी, पावसाचं माप, उंच खांबावर गरगरणाऱ्या वाट्या. निरीक्षक फाटकातच उभा होता. गोल, टकला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. माझं आधी तिकडेच लक्ष गेलं. त्याने डबा दोन्ही हातांनी घेतला आणि गाठ सोडायला लागला. पाच मिनिटं झटला. सासूबाईंनी एक टोक ओढलं आणि सुतळी गळून पडली.

गार आता पेरूएवढी राहिली होती, पण तरीही तिला बघून त्याने चष्मा काढून पुसला. आधी त्याने गार आणि पाणी, दोन्ही मिळून डब्यासकट काट्यावर ठेवलं. मग डबा रिकामा करून त्याचं वजन वजा केलं.

"पाणी आहे ते फार चांगलं झालं," तो म्हणाला. "बंद डब्यातून वजन कुठे जात नाही. एकूण तीनशे नऊ ग्रॅम."

"चूक," सासूबाई म्हणाल्या. "तीनशे बासष्ट होती."

"काकू, काटा तीनशे नऊ दाखवतोय. केंद्राचा विक्रम तीनशे सव्वीसचा आहे, तो बावीस वर्षांपूर्वीचा. थोडक्यात गेला." त्याचाही चेहरा उतरला होता.

मला राहवेना. "आई, मी पाणी ओतलं," मी म्हणाले. "आइस्क्रीमच्या दुकानात. ग्लासात. मला वाटलं, गार टिकेल. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी काही बोलले नाही."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. निरीक्षक छताकडे बघायला लागला.

"ग्लास कुठे ठेवलास?" त्यांनी विचारलं.

"काउंटरवर."

निरीक्षकाने लगेच फोन पुढे केला. मी दुकानदाराला विचारलं, काउंटरवर अर्धा ग्लास पाणी होतं, ते आहे का.

"ते होय," दुकानदार म्हणाला. "ते मी प्यालो. मस्त गार होतं. का? औषध होतं का काय? पोटात जरा कसंतरी होतंय आता."

फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांनी ऐकलं. निरीक्षक गंभीरपणे म्हणाला, "त्यांना इकडे आणू नका. माझा काटा दोन किलोपर्यंतच आहे."

सासूबाईंनी आधी ओठ आवळले. मग खांदे हलायला लागले. मग त्या स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. तीन महिन्यांत मी त्यांचे मागचे दात पाहिले नव्हते, ते पाहिले. मी रडायच्या बेतात होते, ते तसंच हसण्यात निघून गेलं. दुकानदार फोनवर "हॅलो, हॅलो, डॉक्टरकडे जाऊ का?" म्हणत होता.

हसू आवरल्यावर मात्र सासूबाई उठल्या. "दुकानदार प्याला ते पस्तीस," त्या म्हणाल्या. "तीनशे बासष्टमधून पस्तीस गेले, उरले तीनशे सत्तावीस. काटा म्हणतो तीनशे नऊ. मग हे अठरा कोण प्यालं?"

"काकू, हाताचा अंदाज आणि काटा यांत..."

"तुमचा काटा खोटा बोलतोय."

निरीक्षक दुखावला. पण माणूस सरळ होता. त्याने टेबलावरचं स्टेपलर त्यांच्या हातात दिलं. सासूबाई म्हणाल्या दोनशे चाळीस. काट्यावर भरलं दोनशे सत्तावीस. मग त्याने पाण्याची बाटली दिली, नोंदवही दिली, शेवटी पायातला एक बूटसुद्धा काढून दिला. दर वेळी काटा थोडा कमी आणि सासूबाई थोड्या जास्त, आणि फरक वस्तूच्या वजनाप्रमाणे वाढत जाणारा. निरीक्षक एका पायात बूट घालून लंगडत कपाटाशी गेला आणि मखमली पेटी काढली. आत पितळेची प्रमाणित वजनं होती. त्यातलं दोनशे ग्रॅमचं त्याने चिमट्याने काट्यावर ठेवलं.

काट्याने एकशे एकोणनव्वद दाखवले.

निरीक्षकाने कागद ओढला, भागाकार केला, पुन्हा केला, मग कागद मला दिला. मी केला. तीनशे नऊ भागिले एकशे एकोणनव्वद, गुणिले दोनशे. उत्तर येत होतं तीनशे सत्तावीस.

"एका ग्रॅमने," निरीक्षक म्हणाला. "दुकानदाराच्या पोटातलं न धरता." आणि त्या एका बुटातच तो खोलीभर फिरला. मला वाटतं तो नाचत होता, पण बुटामुळे नीट कळत नव्हतं.

मग त्याने तापवलेल्या तारेने गारेचा पातळ काप काढला आणि दिव्यासमोर धरला. मी माझं भिंग लावून पाहिलं. एक दुधट कडं, एक पारदर्शक, पुन्हा दुधट. जिथे थंडी कडक तिथे थेंब लागताक्षणी गोठतात, हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि बर्फ पांढरा होतो, असं तो म्हणाला. जिथे पाणी भरपूर तिथे सावकाश गोठतं, हवा निसटून जाते आणि बर्फ काचेसारखा होतो.

"म्हणजे जितकी कडी तितक्या वेळा ती ढगात वरखाली गेली?" मी विचारलं.

"सगळे तसंच समजतात. पण एका फेरीतसुद्धा वेगवेगळ्या भागांतून जाताना इतकी कडी पडू शकतात. खरी करामत खालून वर जाणाऱ्या वाऱ्याची. एवढी गार तोलून धरायची म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरचा झोत हवा." त्याने खिडकीकडे हात केला. "दहा दिवस गावावर गरम हवेचं झाकण बसलं होतं. धूर खाली कोंडलेला, दमट हवाही खाली कोंडलेली. आज ते झाकण उडालं."

गारेचं पाणी त्याने गाळणकागदातून गाळलं. कागदावर राखेसारखा डाग उरला. "हा आपला धूर," तो म्हणाला. "थोडा दुकानदाराकडेही आहे, पण त्याला सांगू नका."

जुनं नोंदपुस्तक निघालं. आधीच्या गारांचे आकार 'आवळ्याएवढी', 'अंड्याएवढी', एका ठिकाणी तर 'साहेबांच्या घड्याळाएवढी' असे लिहिलेले. मिलिमीटरमध्ये एकही नाही. माझा फोटो पाहून त्याने अठ्ठ्याण्णव लिहिलं. वजनापुढे तीनशे सत्तावीस आणि शेऱ्यात, 'काट्यातील दोष गार आणणाऱ्या बाईंनी हाताने ओळखला.' आणणाऱ्याच्या नावाच्या जागी तो सासूबाईंचं नाव लिहायला लागला तर त्यांनी त्याचा हात धरला.

"दोघींचं लिहा," त्या म्हणाल्या. "हिचं आधी. गाडी हिने चालवली."

निघताना मी त्याच्या चष्म्याची काडी तिथेच बारीक स्क्रू घालून दुरुस्त करून दिली. नऊ वर्षं त्या खोलीत माणसं कमीच आली असावीत, कारण तो फाटकापर्यंत हात हलवत आला आणि आम्ही उतारावरून दिसेनाशा होईपर्यंत तिथेच उभा होता.

उतारावर मावळतीच्या उन्हात पूर्वेला तो ढग दिसला. आमच्यावर रिकामा होऊन पुढे गेलेला, वरून ऐरणीसारखा पसरलेला, कडेकडेने गुलाबी, आणि पोटात वीज लुकलुकत असलेला. बघण्याच्या नादात माझा हात सैल पडला आणि स्कूटर सावकाश, अगदी सभ्यपणे, कडेच्या गारांच्या ढिगात आडवी झाली. आम्ही दोघी त्यात बसल्यासारख्या पडलो. लागलं कोणालाच नाही.

दोन सायकलवाले धावत आले. "उठवू का काकू?"

"नको," सासूबाई म्हणाल्या. "इथून छान दिसतंय."

त्यांनी मूठभर गारा उचलल्या आणि मला वाटलं पुन्हा वजन सांगणार. त्यांनी त्या माझ्या कॉलरमधून सरळ पाठीत सोडल्या. मी किंचाळले. मग मीही दोन मुठी भरल्या, क्षणभर थांबले, सासू आहे म्हणून, आणि मग नाही थांबले.

घरी पोचलो तेव्हा नवरा खांबावरून उतरून आलेला होता आणि मऊ मटारांची उसळ टाकत होता. आमच्या ओल्या, चिखलाने भरलेल्या अवताराकडे त्याने पाहिलं, कपाटावरच्या कबुतराकडे पाहिलं आणि विचारलं, "झालं काय नेमकं?"

आम्ही दोघी एकदम सांगायला लागलो.